खिडकी बंद करून उघडलेली ‘एक खिडकी’

प्रति,
मा. कुलगुरू महोदय
आणि व्यवस्थापन परिषदेचे सर्व सन्माननीय सदस्य,

विषय : परदेशी विद्यार्थी कक्ष बंद करण्याचा निर्णय मागे घेण्याबाबत.

स. न. वि. वि.

‘उपरोक्त विषयास अनुसरून’ अशी सुरुवात मी नोकरीत हजारो पत्रांची केली. आज करत नाही. हे पत्र आवक विभागात शिक्का खाऊन फाईलला लागावं अशी माझी इच्छा नाही, म्हणून ते खुलं लिहिलं आहे. विद्यापीठाचं नावही मुद्दाम लिहिलेलं नाही. पुण्यात विद्यापीठांना तोटा नाही. ज्यांनी परिपत्रक काढलं त्यांना हे आपल्याला उद्देशून आहे हे कळेलच, आणि जे काढायच्या विचारात असतील त्यांनीही वाचलं तर चांगलंच.

परिपत्रकातलं वाक्य असं आहे : ‘परदेशी विद्यार्थी कक्षाचे कामकाज एक खिडकी ऑनलाइन सुविधा प्रणालीत विलीन करण्यात येत असून कक्षासाठी स्वतंत्र मनुष्यबळाची आवश्यकता उरत नाही.’ म्हणजे ‘एक खिडकी योजना’ सुरू होणार, आणि त्यासाठी तळमजल्यावर जिन्याशेजारी जी एकच खरीखुरी खिडकी होती ती बंद होणार. हे लिहिणाऱ्याला त्यातली गंमत कळली असेल असं वाटत नाही.

मी कोण, ते सांगते. मी प्राध्यापक नाही की कुठल्या संघटनेची पदाधिकारी नाही. २००५ पासून २०२४ च्या मे महिन्यात निवृत्त होईपर्यंत त्या खिडकीच्या आतल्या खुर्चीवर मी बसत होते. पद वरिष्ठ लिपिक. खिडकीबाहेर उभी राहणारी मुलं येमेनची, सुदानची, इराणची, इराकची, अफगाणिस्तानची, केनियाची, मॉरिशसची, भूतानची. बहुतेक एम. ए., एम. एस्सी., एम. बी. ए. नाहीतर पीएच. डी. करायला आलेली. मुलं म्हणायची आपली सवय. त्यांतल्या काहींचे केस माझ्याइतकेच पिकलेले होते आणि घरी दोन-तीन लेकरं होती.

पहिल्याच वर्षीची एक गोष्ट सांगते. ती माझ्याच विरुद्ध जाते. शुक्रवार होता, सहाला दहा कमी. टांझानियाचा एक मुलगा दोन बॅगा घेऊन खिडकीशी आला. मुंबईला विमानातून उतरून बसनं पुण्यात पोचलेला. (आजही लोहगावला परदेशातून थेट उतरणारी विमानं बोटांवर मोजण्याइतकी. बहुतेक मुलं मुंबईलाच उतरतात आणि अर्ध्या रात्री द्रुतगती मार्गानं येतात.) त्याच्या प्रवेशपत्रावर ‘वसतिगृहाची सोय उपलब्ध’ असं छापलं होतं. वसतिगृह भरलेलं होतं. मला बस गाठायची होती. मी म्हटलं, “कम ऑन मंडे.” तो “थँक यू, मॅडम” म्हणाला आणि गेला. तीन रात्री त्यानं पुणे स्टेशनवर काढल्या हे मला सोमवारी कळलं. तेसुद्धा त्याच्याकडून नाही, त्याला घेऊन आलेल्या रिक्षावाल्याकडून. त्यानं वर मला विचारलं, “ताई, तुमच्याकडे माणसं नाहीत का?”

एवढ्या वर्षांनी आपल्या परिपत्रकानं त्याला लेखी उत्तर दिलं आहे.

आता तक्रारी. क्रमवार लिहिते, म्हणजे ‘पत्रात नेमके मुद्दे नाहीत’ असा शेरा मारून कोणाला ते बाजूला ठेवता येणार नाही.

पहिली तक्रार चौदा दिवसांची आहे. १८० दिवसांपेक्षा जास्त मुदतीच्या व्हिसावर आलेल्या विद्यार्थ्यानं भारतात पाऊल ठेवल्यापासून चौदा दिवसांत स्वतःची नोंदणी करायची असते. पुण्यात हे काम पोलीस आयुक्तालयातलं परदेशी नागरिक नोंदणी कार्यालय बघतं, आमच्या बोलण्यात एफआरओ. २०१८ पासून अर्ज ई-एफआरआरओ या केंद्र सरकारच्या नोंदणी पोर्टलवर भरायचा. चौदा दिवस ऐकायला पुष्कळ वाटतात. मोजून बघा. अर्जाला राहत्या पत्त्याचा पुरावा लागतो. वसतिगृहात जागा मिळाली तर वसतिगृहाचं पत्र चालतं, नाहीतर भाडेकरार हवा. करार व्हायला आधी घर मिळायला हवं. एजंट फोनवर गोड बोलतो, आणि दारात चेहरा बघितला की म्हणतो, “मालकांनी कालच दुसऱ्याला दिलं.” आफ्रिकेतून आलेल्या कितीतरी मुलांना मराठीतलं पहिलं पाठ झालेलं वाक्य हे असतं. कोणी तयार झालाच तर सोसायटीची एनओसी अडते. तीही मिळाली, तर मग करार. आपण आधार कार्डावर अंगठा टेकवून घरबसल्या लिव्ह अँड लायसन्सची नोंदणी करतो. या मुलाकडे आधार नाही, कारण परदेशी माणसाला ते मिळायला आधीच्या बारा महिन्यांत १८२ दिवस भारतात राहिलेलं असावं लागतं. मग दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात स्वतः जायचं, मालकाला तिथवर न्यायचं, आणि दोन साक्षीदार उभे करायचे. परवा विमानातून उतरलेल्या माणसानं पुण्यात साक्षीदार कुठून आणावेत?

ते साक्षीदार म्हणजे मी आणि आमचे शिपाई, ज्यांना सगळं विद्यापीठ मामा म्हणायचं. जेवणाच्या सुट्टीत जायचो, सह्या करायचो, परतताना मामा रस्त्यात भेळ घ्यायचे. माझी सही किती करारांवर आहे याचा हिशेब मी ठेवला नाही. एका करारावरून पुढे वाद झाला तेव्हा घरच्यांनी मला वेड्यात काढलं होतं, पण तो विषय वेगळा.

एवढ्यानं भागत नाही. परदेशी माणूस राहायला आला की त्याची माहिती ‘सी फॉर्म’ या नावानं ओळखला जाणारा फॉर्म भरून चोवीस तासांत कळवणं हे मालकाचं काम असतं. बहुतेक मालकांनी हे नावही ऐकलेलं नसतं, आणि ऐकल्यावर निम्मे घाबरून नाही म्हणतात. त्यांना फोन करून “काका, पोलीस दारात येणार नाहीत, कॉम्प्युटरवरचं काम आहे, मी शेजारी बसून भरून देते” असं मराठीतून सांगणारं माणूस लागतं. तसं कोणी नसलं की चौदा दिवस उलटतात. दंड भरतो तो मुलगा, आणि उशीर का झाला याचा खुलासाही त्यालाच लिहावा लागतो. हे सगळं चालू असताना तिकडे तास सुरू झालेले असतात.

१ सप्टेंबर २०२५ पासून नवा इमिग्रेशन अँड फॉरेनर्स कायदा लागू झाला. १९३९ आणि १९४६ चे जुने कायदे गेले. पण परदेशी विद्यार्थ्यांची माहिती नोंदणी अधिकाऱ्याला देण्याचं शिक्षणसंस्थेवरचं बंधन या कायद्यातही स्पष्ट आहे. कायद्यानं आपल्यावर काम सोपवलं, आणि ते काम करणारं टेबल आपण उचलून टाकलं.

दुसरी तक्रार आपल्या ‘एक खिडकी’ पोर्टलची. परिपत्रक हातात पडल्यावर मी ते उघडून बघितलं. निवृत्त माणसाला वेळ असतो. नाव नोंदवायला दहा आकडी भारतीय मोबाइल नंबर लागतो, त्यावर ओटीपी येतो. परदेशी मुलाची पहिल्या आठवड्यातली मोठी अडचण कोणती, तर त्याच्याकडे भारतीय सिम नसतं. म्हणजे ‘मला सिम मिळत नाही’ हे कळवायला आधी सिम हवं. पुढच्या पानावर आधार क्रमांक, तारांकित, रिकामा ठेवता येत नाही. त्याच्याखाली ‘जात’. केनियाच्या एका विद्यार्थिनीनं मागच्या महिन्यात मला घरी फोन करून विचारलं, “मॅडम, व्हॉट इज माय कास्ट?” मी म्हटलं, बाई, ‘खुला’ निवड आणि पुढे जा. आधारच्या रकान्यात तिनं बारा शून्यं टाकली, ती पोर्टलनं बिनतक्रार घेतली. तक्रारीचा तिकीट क्रमांक मिळाला. उत्तर अजून यायचं आहे.

पोर्टल नकोच, असं मी म्हणत नाही. आवक रजिस्टर हातानं लिहिलेल्या माणसाला संगणकाची किंमत जरा जास्तच कळते. पण पोर्टल त्याच्या कामाचं, ज्याला काय विचारायचं ते ठाऊक आहे. नवा मुलगा खिडकीशी येऊन नुसता उभा राहायचा. एकदा एक इराकी मुलगा बसचा नंबर विचारायला आला, कारण पीएमपीच्या पाटीवरचे मराठी आकडे त्याला वाचता येत नव्हते. मी कागदावर १ ते ९ लिहून दिले आणि बोलता बोलता विचारलं, सकाळी काय खाल्लंस? तेव्हा कळलं की त्याचं कार्ड इथल्या एटीएमला चालत नव्हतं आणि आदल्या दुपारपासून त्याच्या पोटात काही नव्हतं. आपल्या पोर्टलवर त्यानं ‘वाहतूक’ हा पर्याय निवडला असता, आणि त्याला बसचं वेळापत्रक मिळालं असतं.

तिसरी, बँक. इथे नियम चांगला आहे आणि तरी काम होत नाही. परदेशी विद्यार्थ्याचं एनआरओ, म्हणजे अनिवासी माणसाचं रुपयांतलं, खातं पासपोर्ट, व्हिसा, फोटो आणि प्रवेशाचं पत्र एवढ्यावर उघडावं, स्थानिक पत्त्याचा कागद तीस दिवसांत द्यावा, असं रिझर्व्ह बँकेनंच सांगितलेलं आहे. शाखेत काउंटरवर बसलेल्याला ते माहीत नसतं. तो आधार, पॅन आणि लाइटबिल मागतो. त्या नियमाची झेरॉक्स मी ड्रॉवरमध्ये गठ्ठ्यानं ठेवायची आणि मुलाच्या हातात द्यायची. वडापावच्या गाडीवरही क्यूआर कोड लटकतो अशा शहरात खात्याशिवाय महिना कसा निघत असेल, याची कल्पना आपण करावी.

चौथी तक्रार पीएच. डी.वाल्यांची. ती मी सावकाश लिहिणार आहे, कारण पदव्युत्तर विद्यार्थ्याला ‘मोठा आहे, बघेल त्याचं तो’ असं म्हणण्याची आपल्याकडे पद्धत आहे. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०२२ च्या नियमांप्रमाणे पीएच. डी.ला कमीत कमी तीन आणि जास्तीत जास्त सहा वर्षं. व्हिसाची मुदत आणि संशोधनाची मुदत एकत्र संपत नाही. मुदतवाढ मागायची तर विद्यापीठाचं बोनाफाईड लागतं. बोनाफाईडसाठी विभागाचं पत्र लागतं, विभागाच्या पत्राला मार्गदर्शकाची शिफारस लागते, आणि शिफारशीला आधीच्या सहामाहीचा प्रगती अहवाल मंजूर झालेला असावा लागतो. समितीची बैठक कधी होईल ते समितीच्या अध्यक्षांच्या मुलीच्या लग्नावर अवलंबून. (हे मी विनोद म्हणून लिहिलेलं नाही.)

येमेनच्या एका विद्यार्थ्याचा व्हिसा संपायला अकरा दिवस उरले होते आणि मार्गदर्शक सात आठवड्यांच्या रजेवर परदेशात होते. म्हणजे आपले गुरुजी त्याच्या बाजूला गेलेले आणि तो आपल्याकडे अडकलेला. त्यांच्याऐवजी कोणी सही करावी याचा नियम आजतागायत नाही. मी विभागप्रमुखांच्या दारात तीन दिवस बसले. ते चांगले गृहस्थ, पण म्हणाले, “बाई, उद्या ऑडिटवाल्यांनी विचारलं तर?” शेवटी त्यांनी सही केली, ती मी ‘माझ्या जबाबदारीवर’ असं हातानं लिहून दिल्यावर. वरिष्ठ लिपिकाची जबाबदारी ती केवढी! पण कागदावर चालून गेली. हे पत्र वाचून कोणाला ती फाईल शोधावीशी वाटली तर खुशाल शोधावी. कपाट क्रमांक दोन, वरचा कप्पा.

यांतले काही कुटुंब घेऊन येतात. नवरा दिवसभर प्रयोगशाळेत, आणि बायको कोंढव्यातल्या तिसऱ्या मजल्यावर, भाषा येत नाही, बाजार माहीत नाही, मुलीला शाळा नाही. आमच्या कक्षाच्या कामाच्या यादीत ‘कुटुंब’ हा शब्द कधीच नव्हता. तरी दर वर्षी जूनमध्ये मी दोन-तीन बायकांना घेऊन एखाद्या शाळेत जायची, आणि मुख्याध्यापिकेला समजावायची की या मुलीचा जन्मदाखला अरबीत आहे, म्हणून तो खोटा नाही.

पाचवी. रविवारी संध्याकाळी मेस बंद. ही पुण्याची रीत आहे आणि पुण्यात शिकलेल्या प्रत्येकाला ती पाठ आहे. रविवारचं जेवण कोणीही निभावून नेतो. मी बोलते आहे ती दिवाळीबद्दल. वसुबारसेला मेसवाले गावी जातात ते भाऊबीज उलटून चार दिवसांनी येतात. वसतिगृह रिकामं होतं, कॅन्टीनला कुलूप, गल्लीतल्या टपऱ्याही बंद. अठरा-वीस मुलं त्या इमारतीत बिस्किटं आणि मॅगीवर राहतात आणि बाहेर सगळीकडे फटाके. सुदानच्या एका मुलीनं मला सांगितलं होतं की पहिल्या रात्री ती पलंगाखाली जाऊन बसली. तो आवाज तिला दुसऱ्याच कशाचा तरी वाटला होता.

माझे आजोबा कोकणातून पुण्यात शिकायला आले ते वार लावून जेवले. सोमवार एका घरी, मंगळवार दुसऱ्या. अपमानही झाले असतील, सांगायचे नाहीत. पण सातही वार कुठल्या ना कुठल्या घरात पान मांडलेलं असायचं. १९०९ साली अनाथ विद्यार्थी गृह निघालं तेही याच शहरात. बाहेरून आलेल्या विद्यार्थ्याचं पोट हा आपला प्रश्न आहे, हे पुण्याला कोणी बाहेरच्यानं येऊन शिकवलेलं नाही.

आणि परदेशी विद्यार्थ्याचंच उदाहरण हवं असेल तर तेही इथलंच आहे. डॉ. शां. ब. मुजुमदार फर्ग्युसनमध्ये वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक असताना त्यांना वसतिगृहाच्या एका खिडकीशी एक मुलगी आतल्या मुलाला जेवण देताना दिसली. चौकशी केली तर मुलगा मॉरिशसचा, काविळीनं आजारी, बघायला कोणी नाही. ही आठवण त्यांनी स्वतः अनेकदा सांगितली आहे. परदेशी विद्यार्थ्यांसाठी काहीतरी करावं हे त्यातून त्यांच्या मनानं घेतलं, आणि १९७१ मध्ये सिंबायोसिसची सुरुवात झाली. त्यांना एका खिडकीत जे दिसलं ते आमच्या खिडकीत रोज दिसायचं. आता कोणाला दिसणार?

सहावी तक्रार लिहिताना माझा हात जड होतो. १५ ऑगस्ट २०२१ ला काबूल पडलं तेव्हा आपले काही अफगाण विद्यार्थी करोनामुळे घरी गेलेले होते. २५ ऑगस्टला भारत सरकारनं देशाबाहेर असलेल्या अफगाण नागरिकांचे आधीचे व्हिसा रद्द केले. ती मुलं तिकडेच राहिली. आपल्या कार्यालयातून मला तोंडी सांगण्यात आलं की सलग गैरहजर असलेल्यांच्या फाईली बंद करा. मी केल्या नाहीत, लेखी आदेश मागितला, आणि लेखी आदेश आला नाही. वीस महिन्यांनी, १५ एप्रिल २०२३ ला, सुदानच्या राजधानीत, खार्टूममध्ये, लढाई सुरू झाली. तिथल्या बँका बंद पडल्या, इथल्या सुदानी मुलांचे पैसे यायचे थांबले. विद्यार्थी व्हिसावर नोकरी करता येत नाही, म्हणजे कमवायचीही वाट नाही. त्याच महिन्यात आपल्या लेखा विभागानं त्यांना विलंब शुल्काच्या नोटिसा लावल्या. मुदत द्यावी अशी टिपणी मी सादर केली. ‘नियमानुसार कार्यवाही करावी’ एवढा शेरा घेऊन ती परत आली. मग इराणी आणि बांगलादेशी मुलांनी आपसात वर्गणी काढली. मामांनी पाचशे रुपये दिले. विद्यापीठानं काही दिलं नाही.

आता आपल्याकडून जी उत्तरं येतात त्यांच्याविषयी थोडं.

“पैसे नाहीत.” परदेशी विद्यार्थी स्थानिक विद्यार्थ्याच्या कितीतरी पट शुल्क भरतो, आणि पावत्या मी स्वतः फाडल्या आहेत. २०२२ मध्ये यूजीसीनं परदेशी विद्यार्थ्यांसाठी पंचवीस टक्क्यांपर्यंत अधिसंख्य, म्हणजे मंजूर संख्येवर जादा, जागा द्यायची मुभा दिली, तेव्हा आपल्याकडे पेढे वाटले होते. एनआयआरएफ या केंद्र सरकारच्या शिक्षणसंस्थांच्या क्रमवारीतही परराज्यांतल्या आणि परदेशी विद्यार्थ्यांच्या प्रमाणाला गुण आहेत, आणि ती आकडेवारी दर वर्षी आमच्याच कक्षाकडून मागवली जायची, तीही ‘तातडीचे’ असा शिक्का मारून. गुण घ्यायला ही मुलं आपली असतात. शिवाय २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात, परदेशी विद्यार्थी असलेल्या प्रत्येक संस्थेत त्यांचं स्वागत आणि मदत यांसाठी कार्यालय असावं, असं लिहिलेलं आहे. धोरणाचं पुस्तक आपल्या दालनातल्या काचेच्या कपाटात आहे; फायली घेऊन येताना मी बघितलं आहे.

“त्यांचे सीनियर्स मदत करतात.” करतात, आणि जीव तोडून करतात. पण त्यांतलेच एखाद-दोन एजंट होतात. फुकट मिळणाऱ्या एका फॉर्मसाठी ‘एफआरओमध्ये सेटिंग’ म्हणून पंधरा हजार मोजलेला मुलगा माझ्यासमोर रडला आहे, आणि पैसे घेणारा त्याच्याच गावचा होता. जिथे कार्यालय नसतं तिथे दलाल बसतो, हे आरटीओच्या दारात उभ्या राहिलेल्या कुठल्याही पुणेकराला सांगायला नको.

“विद्यार्थी कमी झाले आहेत.” का झाले, ते विचारलंत? अदनमधला किंवा मोम्बासातला मुलगा आपलं गुळगुळीत माहितीपत्रक बघून येत नाही. पुण्यात राहून गेलेल्या आतेभावाला फोन करतो आणि विचारतो, कसं आहे तिथे? तो जे सांगेल त्यावर ठरतं.

माझ्या मागण्या अशा आहेत.

परिपत्रक मागे घ्यावं आणि कक्षात किमान दोन कायम पदं भरावीत, त्यांतली एक बाई असावी. कंत्राटी माणूस अकरा महिन्यांनी बदलतो, आणि नव्याला एफआरओचा रस्ता कळेपर्यंत त्याचीही मुदत भरते.

प्रवेशाच्या काळात, म्हणजे जुलै ते सप्टेंबर, खिडकी शनिवार-रविवारीही उघडी असावी आणि रात्री उचलला जाईल असा एक फोन असावा. विमानं कार्यालयीन वेळ बघून उतरत नाहीत.

वसतिगृहात काही खोल्या नव्या परदेशी विद्यार्थ्यांच्या पहिल्या तीस दिवसांसाठी राखून ठेवाव्यात. एवढी एक गोष्ट केलीत तरी पत्त्याचा पुरावा, नोंदणी आणि बँक, तिन्ही गाठी एकदम सुटतात. याला नवी इमारत लागत नाही. पाहुण्यांसाठी म्हणून वर्षभर कुलूप लावून ठेवलेल्या सहा खोल्या कुठल्या, ते मला माहीत आहे.

बोनाफाईड कामकाजाच्या तीन दिवसांत मिळावं, आणि मार्गदर्शक रजेवर असतील तर विभागप्रमुखांची सही पुरेशी आहे असा लेखी आदेश निघावा.

दिवाळीत एक मेस चालू राहावी. ज्यांच्या देशात युद्ध किंवा आपत्ती आहे त्यांच्यावर विलंब शुल्क लावू नये. त्यासाठी दर वेळी एखाद्या लिपिकाची टिपणी लागू नये.

पोर्टल ठेवा, पण त्यात पासपोर्ट क्रमांक आणि परदेशी फोन नंबर चालू द्या, आणि त्या मुलांना त्यांची जात विचारू नका.

शेवटी एक कबुली द्यायची आहे. कक्षाची एक वही माझ्या घरी आहे. जाड पुठ्ठ्याची, दोनशे पानी, मी आणि मामांनी मिळून भरलेली. परदेशी मुलांना घर देणाऱ्या मालकांची नावं, कोंढवा, विमाननगर, खडकी, औंध असं भागवार. कॅम्पातला एक डॉक्टर, ज्याला अरबी कळतं. नियम वाचलेला एक बँक मॅनेजर. दिवाळीत उघड्या असणाऱ्या तीन खाणावळी. रात्री स्टेशनवरून मीटरनं आणून सोडणारे चार रिक्षावाले, त्यांत पहिलं नाव मला २००५ साली प्रश्न विचारणाऱ्याचं. निवृत्तीच्या दिवशी ही वही कोणाकडे सोपवू असं मी विचारलं, तेव्हा “कपाटात ठेवा” असं उत्तर मिळालं. मी ती पिशवीत घालून घरी आणली. कार्यालयीन मालमत्ता घरी नेल्याबद्दल माझ्यावर कारवाई करायची असेल तर जरूर करावी, पेन्शन सुरू आहे.

वही मला परत करायची आहे. मामा आता आजारी असतात, पण ते म्हणाले आहेत की तेही येतील. खिडकी कुठल्या दिवशी उघडी असेल आणि वही कोणाच्या हातात द्यायची, एवढं कळवावं.

आपली नम्र,
निवृत्त वरिष्ठ लिपिक,
परदेशी विद्यार्थी कक्ष
दापोडी, पुणे